मेयोनीजवर फोडणी

१६ डिसें.
मृण्मयीने जाहीर केलं: पंचवीसला दुपारी जोएलच्या घरी, उरणला, जेवायला. दोन्ही घरं पहिल्यांदा समोरासमोर. लग्नाची तारीख मात्र आजोबा हो म्हणेपर्यंत नाही, हे लेकीने स्वतःच ठरवलंय.
अण्णा, माझे वडील, एकोणऐंशी वर्षांत कधी गप्प बसलेले नाहीत. या विषयावर तीन महिने मौन. हो नाही, नाही पण नाही. एवढा संयम सोसायटीच्या कमिटीच्या सभेत पाळला असता तर लिफ्ट एव्हाना सुरू झाली असती.

१७ डिसें.
जोएलच्या आईचा फोन. इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ करून बसलो होतो. आयरीनबाई म्हणाल्या, "आमी मराठीच बोलतो, भाऊ. तुमी कशाला तरास घेता?"
वाक्यं वाया. मग त्यांनी विचारलं, अण्णा काय खातात. मासे-मटण-अंडं सगळं वर्ज्य, हे सांगताना मलाच अपराध्यासारखं झालं, म्हणून फुशारकी मारली: त्यांना खाता येईल असं बिनअंड्याच्या मेयोनीजचं सॅलड आम्हीच घेऊन येतो.
फोन ठेवल्यावर सुनीता शांतपणे: "तुला चहा येतो का?"
संसाराची पंचवीस वर्षं. मिळकत ही.

२० डिसें.
रंगीत तालीम. बटाटा, गाजर, फरसबी, मटार. सगळं उकडलं, नीट निथळलं नाही, वर मेयोनीज ओतलं. आजारी माणसाची पावभाजी.
मृ.: "बाबा, हे वाढायला गवंड्याची थापी लागेल."
अण्णांनी चाखलं नाही. आई गेल्यापासून घरातली रोजची कोशिंबीर त्यांच्याकडे, त्यामुळे नजर अधिकाऱ्याची. "पाणी सुटलंय," म्हणाले आणि गेले.
तीन महिन्यांत या लग्नाच्या आसपासचं हे पहिलं वाक्य. सु.ने आणि मी ते दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिलं. हाती काही लागलं नाही.

२४ डिसें.
मटार सोलले. भाज्या उकडून फडक्यावर पसरल्यात, पंख्याखाली. हिरव्या ठिपक्याची मेयोनीजची शेवटची बाटली फ्रीजमध्ये. उद्या येणार का, असं अण्णांना विचारायचं होतं. विचारलं नाही. पेपरातल्या लेखात मंत्र्यांना काहीही विचारतो मी.

२५ डिसें., सकाळ
जमलं. भाज्या कोरड्या, सफरचंदाच्या फोडी, वर डाळिंबाचे दाणे, कडेने कोथिंबीर गोल. माझ्या मते तोरण, मृ.च्या मते नाताळात दाराला लावतात ते रीथ. फोटो काढला. आंघोळीला गेलो.
बाहेर आलो तर घरभर हिंगाचा वास. अण्णा ओट्याशी, हातात फोडणीची पळी. मोहरी, हिंग, मिरची, कडकडीत तेल, थेट मेयोनीजवर. मेयोनीज फाटलेलं, तेल वेगळं, तोरण करपलेलं.
"फोडणी राहिली होती तुझी," अण्णा म्हणाले. "लोकांकडे असं न्यायचं?"
सु.ने गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली. पळस्प्याच्या दुकानात जा, नवी बाटली आण, काहीही कर. मी चपला घालतोय तोच मृ. आतून आली, हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, राहू दे. आजोबा इस्त्रीचा शर्ट शोधतायत."
किल्ली ठेवली. शर्ट मीच शोधून दिला.

संध्याकाळ
आयरीनबाईंनी पहिला घास घेतला. "फोडणी कोनी दिली?"
सु. पडद्यांकडे बघू लागली.
"मी," अण्णा.
"मोहरी करपली हाय, काका."
चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची चूक तोंडावर काढायची टाप आजवर आमच्यात कोणाची नव्हती. अण्णांनी चमचाभर खाल्लं, पहिल्यांदाच. चावत राहिले.
"तेल जास्त तापलं," म्हणाले.
मग अर्धा तास दोघं तेलावर. लग्नाचा विषय कोणी काढला नाही. जोएलने तीनदा वाढून घेतलं. एक तर पोरगा फार सज्जन, नाहीतर जीभ बधिर. जावई म्हणून दोन्ही चालेल.

२८ डिसें.
अण्णा सकाळी एकटेच बाजारात जाऊन वांगी घेऊन आले. मोठी, काळीभोर, सहा. आम्ही घरात चौघं.
"त्या बाईंना रविवारी जेवायला बोलाव," मला म्हणाले. "जोएललाही. भरीत करतो."
मृ. टॉवेल डोक्याला गुंडाळलेला तशीच धावत आली. "आजोबा, म्हणजे हो का?"
अण्णांनी एक वांगं उचलून देठाकडून नीट पाहिलं.
"म्हणजे भरीत."