दीड म्हणजे शून्य

प्रिय आई,

शून्य पुसून मी पुन्हा ‘दीड’ टाइप केलं. पडद्यावर पुन्हा शून्य आलं. तिसऱ्यांदाही. मग मी खुर्ची मागे सरकवून उठले, आणि उठून कुठे जायचं ते सुचेना. आज दुपारची गोष्ट.

तुमच्या प्रसूतिगृहाचा प्रोग्राम मी लिहिला, तेव्हा तू वॉर्डभर सांगत सुटली होतीस, आमची धाकटी यंत्राला शिकवते. मेट्रनबाई म्हणाल्या, मग आम्हा नर्सनाही शिकवू दे. मी तासभर आले आणि वजनाच्या रकान्यात वजन लिहायचं, एवढं सांगून गेले. १.५ सोडून कुणी दुसरं काही लिहील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्याच घरात वाढून. दाराच्या चौकटीवर माझी उंची तू पावणेचार फूट, सव्वाचार फूट अशीच लिहायचीस.

लिहिलेल्या मजकुराचा आकडा झाला नाही, की प्रोग्राम तिथेच बंद पडायचा. आमचे साहेब पाहायला येणार होते, मला तो बंद पडायला नको होता. म्हणून एक ओळ घातली: आकडा होत नसेल तर शून्य धर. ‘कळलं नाही, पुन्हा लिहा’ असं त्याला म्हणायला लावता आलं असतं. तू मला लहानपणी तेच सांगायचीस. उगाच मान डोलावू नकोस, कळलं नाही तर विचार.

दोन किलोच्या आतल्या बाळांची यादी तो प्रोग्राम काढतो. त्यांना घरी सोडत नाहीत. शून्य म्हणजे वजन करायचं राहिलं असं धरून तो ते बाळ गाळतो. तसंच ते दीड किलोचं बाळ तिसऱ्या दिवशी घरी गेलं आणि आठवड्याने सव्वा किलोचं होऊन परत आलं. सगळे म्हणाले, तू वजनच केलं नाहीस. तूही म्हणालीस, राहिलं असेल, वय झालं. आणि मी फोनवर हसून म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे.

तू वजन केलं होतंस. टाइप केलेली मूळ अक्षरं एका वेगळ्या फाइलमध्ये राहतात. ती आज उघडली. तुझ्या नावापुढे अडीच, पावणेतीन, सव्वातीन. त्या बाळांचं काही अडलं नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. आणि त्या दिवशी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, दीड. सगळ्यांपुढे शून्य.

उद्या दहाला तुला चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करायची आहे. करू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कुणाला बोलू नकोस, आणि जाऊन सही करून आली असतीस. म्हणून लिहिते आहे. दादा सकाळी हे घेऊन येईल. फाइलची प्रत सोबत आहे, तिच्याखाली माझी सही.

तुझीच,
धाकटी

ता. क. सकाळचे आठ. मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. प्रोग्राम आजपासून बंद. बाळाचं आजचं वजन विचारलं. दीड, म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे एक पॉइंट पाच? हो, म्हणाल्या.