बाराव्या नंबरावर ठेवलेला माणूस

प्रिय बस्त्याव,

तुला माती देऊन तीन महिने झाले आणि मी आज लिहायला बसलोय. इतके दिवस झोपला होतास काय, असं विचारशील. पण गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांतला मी नाही, हे तुला माहीत आहे. मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. कारण कळल्याशिवाय मी नटाला पाना लावत नाही.

कारण काल कळलं. म्हणजे, ऐकू आलं.

होड्या पाण्यात उतरवायचे दिवस आहेत. काल शेडमध्ये एक इंजिन उघडून एकटाच बसलो होतो. स्वतःशीच म्हणालो, "पॅकिंग गेलाहा, दुसरा काय नाय." आणि मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

तुझा आवाज, बस्त्याव! शेवटचा 'जा' तू ओढायचास तसाच ओढलेला. मी पाना खाली ठेवला, आधी मोबाईलवर वेळ बघितली, मग मागे बघितलं. पाच वाजून वीस मिनिटं. दारात कोणी नव्हतं. तू गेल्यापासूनची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन मी वाऱ्यावर ढकलल्या होत्या. पण वाऱ्याला दर वेळी पाच वीसच कसे सापडतील?

आणि शनिवारी फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होतोय. म्हणून आता तुला सांगायलाच हवं. क्रमाने सांगतो. क्रम तुला कधी जमला नाही.

तू बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होतास. तुमची बोट दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या एका बंदरात अडकली, गोदीतल्या कुणीतरी तुला सामन्याला नेलं आणि तू निळा-पांढरा मफलर घेऊन मालवणात आलास. मे महिन्यातही तो गळ्यात! इथे बाजारात ज्यांचे शर्ट टांगलेले असतात, तसला तो क्लब नव्हताच. वरून दुसरी लीग. चोवीस संघ, शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात. मी विचारलं होतं, "मेल्या, जिकणारो क्लब गावलो नाय तुका?"

तू म्हणालास, "मोठ्या क्लबाक माणसां खूप आसत रे. हेका कोण आसा?"

त्या एका वाक्यावर मी तुझ्याबरोबर वीस हंगाम काढले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी शिकलो ते त्या क्लबाच्या कॉमेंट्रीवर. आपल्याकडे ते सामने टीव्हीवर कुठले लागायला! मोबाईल स्टीलच्या तांब्यात ठेवायचा, म्हणजे आवाज घुमून मोठा होतो, आणि तुझ्या घराच्या पायऱ्यांवर बसायचं. तू वरच्या, मी खालच्या. गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, कुठल्या पायाने, सगळं माझ्या वहीत. तू मात्र गेल्या आठवड्याचा निकालही चुकीचा सांगायचास. ऑफसाईड तर तुला मरेपर्यंत कळला नाही. आता तरी कळला काय?

आणि आपलं गाऱ्हाणं! दर ऑगस्टमध्ये, हंगामाआधी, खाडीच्या बांधावर काजऱ्याच्या झाडाखाली गावच्या राखणदार देवाचा दगड आहे तिथे आपण जायचो. नारळ, विडी, काडेपेटी. मी गाऱ्हाणं घालायचो आणि तू मागे उभा राहून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचास. तू ते गमतीत घ्यायचास, म्हणून पुन्हा सांगतो. नुसते हात जोडले म्हणजे गाऱ्हाणं होत नाही. जे हवं ते मोठ्याने, नेमकं सांगायचं, आणि मागच्याने व्हय म्हणायचं. मागे व्हय म्हणणारा नसेल तर ते गाऱ्हाणं उभंच राहत नाही.

तू क्रिस्तांव. पण तुझ्याइतका खणखणीत व्हय आमच्या वाडीतसुद्धा कुणाचा नव्हता.

"सदा, तुझ्या राखणदाराक इंग्लंडचो पत्तो म्हायत आसा मां रे?"

"तू नुसता व्हय म्हण. पत्तो मी सांगतंय."

आपण निघालो की फिलू वहिनी तुझ्या घरातून ओरडायची, "पाद्रीबाबाक कळला तर दोघांकय इगर्जीभायर उभे करतलो!"

"तेका सांग, तो मोठ्या क्लबाचो माणूस. आमचा दुख तेका कळाचा नाय!"

दर वर्षी मी एवढंच मागायचो, की क्लब शेवटच्या तिनांत नको. तू मागून ढोसायचास, "वर काढूक सांग रे एकदा!" मी सांगायचो नाही. बेताने मागावं, असा माझा हिशेब. आणि वीस वर्षं क्लब कधी नववा, कधी चौदावा, मधेच राहिला. माझ्या बेताच्या मागण्यामुळे असेल काय? तू एकदा तसं म्हणालास तेव्हा मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो.

आता गेल्या वर्षीचं.

ऑक्टोबरात तुझी उजवी बाजू गेली. गाडी करून तुला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. क्लब त्या आठवड्यात खालून तिसरा होता. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. मी मालवणात परत आलो आणि घरी न जाता थेट बांधावर गेलो. एकटा. नारळ होता, विडी होती, मागे तू नव्हतास.

मी काय बोललो ते शब्दशः लिहितो. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. "बा म्हाराजा, तो क्लब आणि ह्यो माझो बस्त्याव, दोघांची गाठ एक बांध. ह्यो हंगाम संपासर दोघांकय मधे ठेव. वर नको काढू, पण खाली पडाक देव नको."

बोलून झालं आणि लक्षात आलं, व्हय म्हणायला कोणीच नाही. आता आपणच म्हणावं काय, असा विचार करतोय तोवर मागून, अगदी माझ्या उजव्या खांद्यापाशी, आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

मी वळलो नाही. खाडीचं पाणी उतरत होतं, चिखलात कुर्ल्या खुडबुडत होत्या, त्यासुद्धा एकदम थांबल्या. मी वेळ बघितली. पाच वीस.

फिलू वहिनीचा फोन रात्री आला. रडत होती, आनंदाने. "भावजी, दोन दिवसांनी तोंड उघडल्यानी! पाच वाजान गेल्यार झोपेतच काय म्हणाले म्हायत आसा? तुमचा ता, व्हय म्हाराजा! नर्स घाबारली!"

बस्त्याव, तू कशाला व्हय म्हणालास ते तुला माहीत होतं काय रे?

त्यानंतर क्लब सावरला. बरोबरी, एक जिंकले, एक हरले, पुन्हा बरोबरी. डिसेंबरात बारावा झाला आणि तिथेच बसला. तूही घरी आलास आणि तिथेच बसलास. डावा हात चालतो, उजवा नाही. चार शब्द येतात, पाचवा नाही. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, "स्थिर आहेत." सगळ्यांना तो शब्द ऐकून बरं वाटायचं. मला वहीतला बारा दिसायचा.

फेब्रुवारीत आपण लागोपाठ दोन सामने जिंकलो. क्लब दहावा. दुसऱ्या दिवशी तू उजव्या हाताने चमचा उचललास! व्यायाम घ्यायला येणारी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. फिलू वहिनीने मेणबत्ती लावली. मी वहीत लीगचं टेबल बघत बसलो. पुढचे दोन सामने हरलो, क्लब पुन्हा बारावा, आणि ती मुलगी तुझी बोटं हातात घेऊन म्हणत होती, "काका, परवा जमलं होतं ना? आज काय झालं?"

काय झालं ते मला माहीत होतं. वहीत डाव्या पानावर क्लब लिहीत होतो आणि उजव्या पानावर तू. मार्चनंतर मी उजवं पान लिहायचं बंद केलं.

एप्रिलात तू मला विचारलंस. सामना संपला होता, तांब्यातून मोबाईल काढत होतो. तू माझं मनगट धरलंस, डाव्या हाताने, घट्ट. "सदा. तुया... काय... मागलंस?"

मी म्हटलं, "क्लबाचाच. दुसरा काय मागतलंय?"

तू किती वेळ माझ्याकडे बघत होतास! मी खोटं बोललो, बस्त्याव. त्याच दिवशी बांधावर जाऊन गाऱ्हाणं परत घ्यायला हवं होतं. गेलो नाही. गाठ सोडली तर तू वर येशील की खाली जाशील, याची भीती. आणि खरं सांगू? थोडा अभिमानही होता. बघा, सातवी शिकलेल्या सदाने मागितलं आणि मिळालं! तुझ्या अर्ध्या अंगावर मी अभिमान बाळगला. हे लिहिताना पेन जड होतंय, पण नेमकं लिहायचं तर सगळंच लिहायला हवं.

मग शेवटचा शनिवार. त्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी, आपल्याकडचे संध्याकाळचे पाच. क्लबाला ना वर जायचं होतं, ना खाली. त्या मैदानात कुणालाच काही पडलं नव्हतं. लोक गाणी म्हणत होते. तुझी खाट आम्ही दारापाशी आणली होती. तू खुशीत होतास, गळ्यात मफलर. घाम मला फुटला होता. 'हंगाम संपासर', हंगाम संपेपर्यंत, हे माझेच शब्द होते ना! वीस वर्षं नेमकं मागायची माझी खोड, तीच नडली. मीच तुला मुदत घातली होती.

जादा वेळाची चार मिनिटं. मी मनात म्हणत होतो, शिट्टी वाजवू नको रे, खेळू दे. सहा बावन्नला शिट्टी वाजली.

"किती?" तू विचारलंस.

"एक-एक."

"नंबर?"

"बारा."

तू अर्ध्या तोंडाने हसलास. "बरो," म्हणालास. इगर्जीची संध्याकाळची घंटा सुरू झाली, फिलू वहिनी क्रूस करायला उठली, आणि घंटा थांबायच्या आत तू गेलेला होतास. तांब्यातून अजून लोकांच्या गाण्याचा आवाज येत होता. तो बंद करायचं कुणाला सुचेना.

मला वाटलं, संपलं. मुदत संपली, गाठ सुटली. पण आपल्याकडे गाऱ्हाणं आपोआप सुटत नाही. ज्याने घातलं त्याने जाऊन सांगावं लागतं, की काम झालं, आता मोकळं कर. मला तोंड दाखवायला लाज वाटली, मी गेलोच नाही. तीन महिने.

काल तो आवाज ऐकून मी तुझ्या घरी गेलो. फिलू वहिनी तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "भावजी, एक सांगू? हसा नको. तुमचे दोस्त सांजचे पायरेर येवन बसतत. वर घरात येयनत नाय, खाली अंगणात उतरनत नाय. मधल्या पायरेर बसान आसत."

मधल्या पायरीवर! तू तर जन्मभर वरच्या पायरीवर बसायचास.

मग मी तिला सगळं सांगितलं, तुला सांगतोय तसंच. तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता हाकलून देणार. ती म्हणाली, "तेंका विचारल्याशिवाय तेंचो व्हय घेतलास तुमी." तिने सूप पुन्हा उचललं. "परवां माका घेवन चला," ती म्हणाली. "माझा मी पाद्रीबाबाक सांगान."

तर बस्त्याव, वचन देतो. उद्या संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर जाऊ. क्लबाचं नाव मी काढणार नाही. तो पडो, चढो, बारावा राहो, मी वहीत लिहीन आणि उजवं पान कोरं सोडीन. मागणं एकच घालीन, ह्या माणसाला त्याच्या देवाकडे जायला मोकळा कर. मुदत नाही, अट नाही. आणि मागे उभी राहून व्हय फिलू वहिनी म्हणेल.

तू म्हणू नकोस. तुझा आवाज आला तर मला तू हवासा वाटेल आणि माझे शब्द पुन्हा फिरतील. मी स्वतःला ओळखतो. जन्मभर माझ्या प्रत्येक वाक्याला तू व्हय म्हणालास रे. उद्या, पाच वीसला, एकदाच गप्प राहा. आणि पायरीवरून ऊठ.

तुझा,
खालच्या पायरीवरचा सदा