साठ हजारांच्या आत

१ जानेवारी २०१२, सकाळ
नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प एकच: गाडीचा खरा वार्षिक खर्च काढायचा.
काल इंदूचे थोरले भाऊ भाऊराव शहरातल्याच कांचघर भागातून आले. जयभीम झाला, आणि चहा संपायच्या आत म्हणाले की लक्ष्मणराव, पांढरा हत्ती पोसून राहिले तुम्ही, ऑटोने फिराल तर निम्म्यात भागेल. इंदू मान हलवत होती. बायकोने माहेरच्या माणसासमोर मान हलवू नये, असं माझं मत आहे. मी जन्मभर ऑडिटमध्ये. पुराव्याशिवाय बोलत नाही. तिथल्या तिथे सांगून टाकलं, एप्रिल ते मार्च हिशेब धरू, साठ हजारांच्या वर गेला तर गाडी विकीन. इंदूने लगेच भावाला साक्षीदार केलं. करू दे.

४ जानेवारी
एप्रिलपासूनच्या पावत्या शोधल्या. पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, दोन टायर, पार्किंग. शेहेचाळीस हजार. आरामात बसतं.
इंदूचं म्हणणं, गाडीची किंमत दरवर्षी उतरून राहिली, ते काहून नाही धरलं? तिला डेप्रिसिएशन हा शब्द माहीत नाही, पण गोष्ट माहीत आहे. हे धोक्याचं. सांगितलं की तो खर्च फक्त कागदावरचा असतो. मग लिहा कागदावर, म्हणाली. विषय बदलला.

११ जानेवारी
किलोमीटरमागे खर्च काढला. चौदा रुपये. ऑटोवालासुद्धा एवढे मागत नाही. दिवसभर बेचैन. जेवताना लक्षात आलं: खर्च जास्त नाही, किलोमीटर कमी आहेत. इन्शुरन्स तेवढाच राहणार. म्हणजे गाडी जेवढी पळेल तेवढी स्वस्त पडेल. उद्यापासून भरपूर फिरायचं.

१५ जानेवारी, रविवार
शहराबाहेर पाटन गावच्या बाजारात जाऊन मटार आणला. किलोमागे सहा रुपये वाचले. दहा किलो घेतला. पेट्रोल पावणेचारशेचं, पण किलोमीटर सत्तर पडले. इंदू तो ढीग सोलत बसली आहे.
येताना ब्रेकचं पेडल जरा खोल गेल्यासारखं वाटलं. थंडीमुळे असेल.

२ फेब्रुवारी
पेडल दोनदा दाबावं लागतं. सवय झाली.
तरी दीक्षितपुऱ्यात सुखराम मिस्त्रीला दाखवलं. म्हणाला, साहब, ब्रेक का पूरा काम निकलेगा, आठ हजार पकड़ के चलिए. आजचा आकडा बावन्न हजार तीनशे. त्यात आठ मिळवले की गाडी गेली. विचारलं, एक एप्रिलला केलं तर चालेल का? म्हणाला, कर देंगे साहब, पर तब तक चलाइएगा मत. पहिला भाग लिहून घेतला. एक तारखेची वेळ ठरली.

१० फेब्रुवारी
मन शांत आहे. ऑफिसात हे सगळेच करतात. मार्चमध्ये बजेट संपलं की काम एप्रिलमध्ये. त्याने इमारत पडत नाही. मागे एक पडली होती, पण ती दुसऱ्या विभागाची.
ब्रेक ऑइलची बाटली आणली. घरखर्चाच्या 'किरकोळ'मध्ये टाकली.

२६ फेब्रुवारी
सिग्नलला पुढच्या स्कूटरला गाडी टेकली. नुसती टेकली. स्कूटरवाल्याने भर चौकात माझ्या खानदानाची चौकशी केली. पाचशे दिले. ते दानधर्मात लिहिले.
इंदू शेजारी होती. विचारलं, गाडी काहून नाही थांबली? म्हटलं, रस्त्यावर तेल सांडलं होतं. घरी आल्यावर अंगणात गाडीखालीही तेल दिसलं. इंदूने ते पुसलं आणि ब्रेक दाखवून घ्या म्हणाली. दाखवले आहेत, म्हटलं. खोटं नाही.

११ मार्च
लोक ब्रेक उगाच वापरतात. मी आता गिअरवर गाडी थांबवतो, हँडब्रेक आहेच. पेट्रोलही वाचत असावं. ब्रेक म्हणजे एक वाईट सवय.
गाडीत बसल्यावर इंदू दोन्ही हातांनी सीट धरून ठेवते. आज म्हणाली, तुम्ही हल्ली गाडी चालवताना बोलत नाही. कसं बोलणार? लक्ष ठेवावं लागतं.
झोप नीट लागत नाही. मार्चएंडमुळे.

१८ मार्च
सुखराम बाजारात भेटला. गाड़ी खड़ी है ना साहब, म्हणाला. हो म्हटलं. गाडी तेव्हा उभीच होती, भाजीवाल्यासमोर.

२४ मार्च
अठ्ठावन्न हजार नऊशे. आता मात्र कमी फिरायचं. किलोमीटरचा हिशेब भाऊरावांना दाखवायचा नाही, एकूण आकडा पुरे.
काल शेजाऱ्यांचं मांजर गाडीसमोर आलं. मांजरं चपळ असतात.

२९ मार्च, दुपारी
आज संध्याकाळी भाऊरावांच्या नातवाचं नाव ठेवायचं आहे. इंदू म्हणाली, ऑटो बोलवा, मला भीती वाटून राहिली. मी समजावलं की आज तुझ्या भावाच्या दारात ऑटोतून उतरलो तर वर्षभर मांडलेलं सगळं पाण्यात जाईल. दोनच दिवस राहिले आहेत. तिने विचारलं, गाडी चांगली आहे ना? मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही म्हणाल तसं. चांगली आहे, म्हटलं.
बाळासाठी तिने स्वतः टोपडं शिवलं आहे. नवी साडी नेसली आहे. आज मुकाट्याने पुढे बसते म्हणाली. निघतो.

३१ मार्च, हॉस्पिटल
उतारावर पेडल थेट खाली गेलं. परत वर आलं नाही. समोरून शाळेची बस येत होती, म्हणून डावीकडे भिंतीवर घातली. डावीकडे इंदू होती.
तिच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रॉड घातला आहे. चालेल, पण लंगडेल, असं डॉक्टर म्हणाले. मला कपाळावर दोन टाके.
वर्ष आज संपतं, म्हणून हिशेब पुरा केला. ऑपरेशनचा खर्च औषधपाण्यात जातो. गाडी ओढून नेणाऱ्याचं बिल अजून आलं नाही, तो एप्रिलचा खर्च. बेरीज एकोणसाठ हजार चारशे ऐंशी. दोनदा तपासली.
भाऊराव परवापासून इथेच बाकावर बसून आहेत. आकडा त्यांनी विचारला नाही. जेवून घ्या म्हणाले.
दुपारी इंदू नीट शुद्धीवर आली. आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, फार लागलं का विचारलं. मग हळूच विचारलं, पेडल खाली जाऊन राहिलं, हे तुम्हाला माहीत होतं का? मी सांगितलं की एक तारखेची वेळ घेऊन ठेवली होती. म्हणजे माहीत होतं, म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.
मला फार रडू आलं. बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. परत येऊन बसलो आहे.
साठच्या आत बसलं, हे तिला सांगायचं होतं. अजून तिने इकडे बघितलेलं नाही.