उजव्या पायाचा दीड इंच

११ जानेवारी
काळा नाहीतर तपकिरी. तिसरा रंग नाही म्हणे! बूटवाले काका माझ्या पायाचं माप घेता घेता म्हणाले, "पोरी, असल्या बुटात हौस नसते. औषध समज."
औषध! चौतीस वर्षांची झाले. चालायला लागल्यापासून हेच औषध पायात घालून फिरतेय. उजवा पाय दीड इंच आखूड, म्हणून त्याच्याखाली ही विटेसारखी ठोकळी. मी सँडल मागितली होती — लाल, पट्ट्यांची, बोटं दिसणारी. "नाही बनत तसली."
बनत नाही म्हणजे काय? बनवायची नाही, असं सरळ सांगा की!

१२ जानेवारी
बनवणार. मीच.

१९ जानेवारी
तळ लाकडाचा करायचा. वरून माझ्या पावलासारखा खोलगट, खालच्या बाजूने आतून पोखरलेला — म्हणजे उंच असूनही हलका. सुतारकामात माझी बोंब. पण मशीन मिळतं! संगणकावर आकार काढायचा आणि गरगर फिरणारं पातं तो लाकडात कोरतं. सीएनसी राउटर. टेबलावर मावेल एवढंसुद्धा असतं. दातांच्या दवाखान्यात, माझ्या नोकरीवर, पेशंट गाल धरून बसलेले आणि मी काउंटरमागे त्याचेच व्हिडिओ बघतेय.
दादाला फोनवर सांगितलं. "एका सँडलसाठी मशीन? नाकापेक्षा मोती जड!"
माझं नाक मजबूत आहे, म्हटलं.

२५ जानेवारी
दादा आला सोबत. दुकानदार सगळं त्यालाच समजावत होता. प्रश्न मी विचारायचा, उत्तर दादाला! एक चकचकीत मशीन पुढे केलं, निळे दिवे लागलेलं. मी त्याचा पातं धरणारा दांडा एका बोटाने ढकलला — हलला. "हे माझ्या बोटाने हलतं, लाकडात सरळ कसं चालेल?" दुकानदार पहिल्यांदा माझ्याकडे वळला. त्या मशीनचा दांडा रबरी पट्ट्यावर सरकत होता. कोपऱ्यात एक बोजड, कुरूप होतं — जाड लोखंडी स्क्रूवर चालणारं. ते हलेना. तेच घेतलं.
"ताई, ते नवख्यांसाठी नाही."
"नवखी फार दिवस राहायचा माझा विचार नाही."
(घरी येईपर्यंत पावतीवरचा आकडा चार वेळा वाचला. पण ते त्याला कशाला सांगा?)

२ फेब्रुवारी
जोडलं! मागच्या गॅलरीत. दोन स्क्रू उरले. कुठले, देव जाणे.
आई दारात उभी. नंतर जेवताना — "काळा बूट आहे म्हणून लोकांचं लक्ष जात नाही. लाल घातलंस की आधी तिकडेच नजर जाईल."
"जाऊ दे की!"
"तुला नाही कळायचं."
मग भांडी आपटली तिने. आयुष्यभर हेच — पाय आत घे, फोटोत मागे उभी राहा, टेबलामागची नोकरी बघ. माझं वाकडं चालणं तिने झाकतच ठेवलं.

५ फेब्रुवारी
लाकूड धरणारा लोखंडी चाप नेमका पात्याच्या वाटेत ठेवला. खाडकन! पातं तुटून भिंतीवर. चष्मा घातला होता म्हणून डोळे आहेत.
खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "दातांचा दवाखाना घरी आणलात का?"

९ फेब्रुवारी
आज सँडल तयार झाली. नखाएवढी! मी आकार काढला इंचात, मशीनने तेच आकडे मिलिमीटर समजून घेतले. मुंगी लंगडी असेल तर चालेल तिला. दादाला फोटो पाठवला. तो अर्धा तास हसतोय. मीही हसले. मग रडले थोडी. मग इंचाचं मिलिमीटर केलं.

१५ फेब्रुवारी
आमच्या डॉक्टरबाईंचा नवा दवाखाना सुरू होतोय, सोळा मार्चला. बाकी सगळ्या मुली दारात उभ्या राहून लोकांचं स्वागत करणार. मला म्हणाल्या, "तू आपली आत काउंटरवर बस हं, तुला बरं पडेल."
"मी दारात उभी राहणार."
तोंडातून निघून गेलं! आता राहायलाच हवं.

२३ फेब्रुवारी
लाकूड काळं पडत होतं, धूर. आई आतून ओरडली, "काय जळतंय?" घाबरून मी दांडा आणखी हळू चालवला — आणखी जळलं! शेवटी कळलं: पातं एका जागी घासत बसलं की जळतं. दांडा सरकण्याचा वेग वाढवला. पांढरेशुभ्र ढलपे उडायला लागले.

२ मार्च
खरा तळ निघाला! बुटाच्या निम्म्यानेसुद्धा वजन नाही. दोऱ्याने पायाला बांधला आणि चार पावलांत तोंडावर आपटले. लाकूड वाकत नाही ना. आईने उठवलं, कोपरावर हळद लावता लावता — "बस झालं आता!"
"पुढून वर वळवायला हवा होता. होडीसारखा."
आईने तो तळ उचलून उलटापालटा करून बघितला.

११ मार्च
होडीसारखा केला. डाव्यासाठी तसाच, बुटका. पर्स शिवणाऱ्या बाईंनी लाल चामड्याच्या पट्ट्या ठोकून दिल्या. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. पायाच्या बोटांना वारा लागतो!

१६ मार्च
उभी राहिले. दारात. शेवटपर्यंत.
एका बाईंनी विचारलंच, "पायाला काय झालं?"
"दीड इंच कमी आहे. सँडल कशी आहे?"
"छान आहे," म्हणाल्या. आणि मग खरंच खाली वाकून बघितली.
आईही आली होती. लांब उभी राहिली, माझ्या पायांकडे बघत. जवळ आली नाही. न सांगताच घरी गेली. लाज वाटली असणार! वाटू दे. मी बोलणार नाहीये तिच्याशी.

१७ मार्च
सकाळी आईने खोलीचं दार आतून लावलं. खुर्चीत बसली. तिच्या डाव्या चपलेत टाचेखाली कापडाची घडी — ती काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "डावा पाय थोडा आखूड आहे माझा. तुझ्या बाबांनाही कधी कळू दिलं नाही. माझं माप घेतेस?"