दादाचं विमान शेतात पडलं

दादा,

हाताचं प्लास्टर कधी निघणार, एवढंच विचारायला बसले होते. पण खरं लिहितेय, म्हणजे हे पत्र तुला मिळणार नाही.

इंधन न बघता तू उडालास, हवेतच इंजिन बंद पडलं आणि विमान शेतात आदळलं. तरी बाबा भेटायला येणाऱ्यांना सांगतात, "पोरानं काय शिताफीनं उतरवलं!" मीही वैमानिकच. टाकी बघून उडते, धड परत येते. त्याचं कसलं कौतुक?

काल आईला विचारलं, "मी पडले असते तर?"

तुला भरवता भरवता ती म्हणाली, "तू कशाला पडशील?"

आज टाकी अर्धीच होती. क्षणभर वाटलं, तसंच निघावं. मग मुकाट्यानं भरून घेतली. सुखरूप घरी आले, तर दाराला कुलूप. सगळे दवाखान्यात तुझ्याकडे होते.

तुझ्यावर जळणारी,
धाकटी