आईचा कुत्रा कुणाचं ऐकतो

दादा,

राजधानीत शिक्षणखात्यात लागलास, तेव्हा तू आम्हाला बजावलंस की घरात यापुढे देशाचीच भाषा बोलायची, आपल्या बोलीनं मुलांचं वाटोळं होतं. आईनं निमूट ऐकलं. आमच्याशी ती तोडकंमोडकं बोलायची, नाहीतर गप्प बसायची. आपली भाषा तिनं फक्त कुत्र्यासाठी ठेवली. तुझ्या हुकमात तो बसत नव्हता ना!

आई गेल्यापासून मी त्याला हाका मारून थकले, पण तो ढिम्म हलत नाही. दुपारी मात्र, घर शांत झालं की, एकदम कान टवकारतो, उठतो, आईच्या रिकाम्या खुर्चीपुढे बसतो आणि पंजा वर करतो. मी म्हटलं, सवय असेल.

आज माझी लेक त्याच्याशी बोलत होती. आपल्या भाषेत, घडाघडा, अगदी आईच्या हेलात. मी तिला त्यातला एक शब्दही शिकवलेला नाही.

"कुणी गं शिकवलं?"

"आजी शिकवते, रोज दुपारी." तिनं खुर्चीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मामाला सांगायचं नाही म्हणाली."

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. उद्यापासून दुपारी मीही तिथं बसणार आहे.

तुझी,
धाकटी