एका हाताची सांडशी

सेक्टर तेवीस, गुडगाव
१६ जानेवारी १९९५

चि. सौ. उल्का हिला आईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तिकडे तुम्ही सगळे बरे असाल. दिनकररावांना नमस्कार सांग. तिळगूळ तुझ्या भावजयीने, हेमांगीने पार्सल केला आहे. वड्या जरा कडक झाल्यात, दात सांभाळून खा.

तर सगळ्यात आधी आली ती बलवंत कौर. समोरच्या घरातली गं, मागे तू आलीस तेव्हा तुझ्या साडीचा पदर उलटून बघत होती तीच. परवा संक्रांतीच्या सकाळी, धुकं एवढं की आपलंच फाटक आपल्याला दिसेना, आणि ही शाल गुंडाळून दारात. मला वाटलं साखर संपली असेल. तर म्हणते, "भैनजी, वो चीज दिखाओ, जिससे भाईसाब ने कल लकडी उठाई थी." मी म्हटलं, पहले चाय तो पिओ. तर म्हणे चाय बाद में. बलवंत कौर चहाला नंतर म्हणाली म्हणजे बघ!

ती बसते न बसते तोच ट्रॅक्टरचा आवाज. रामफल चौधरी. हा पलीकडच्या गावचा. आपला सेक्टर ज्या शेतांवर उभा राहिला त्यातलं एक त्याचं होतं, त्यामुळे अजून आपल्या गल्लीतून जाताना ज्वारी कशी आली असेल ते बघितल्यासारखा इकडे तिकडे बघत जातो. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ. दारातूनच ओरडला, "ताई, फौजी कित सै?" मी एका हाताने गूळपोळी उलटतेय, एका हाताने डोक्यावर पदर घेतेय. फौजी म्हणजे आपले आबा, ते कुठे असणार, अंगावर जुनी हिरवी जर्सी घालून अंगणात बसले होते. दाढी करून! हे लक्षात ठेव, दाढी करून.

आता ती चीज म्हणजे काय ते तुला कळायचं नाही, म्हणून मुळापासून सांगते. आपली दुधाचं पातेलं उतरवायची सांडशी असते ना, तशीच, पण माझ्या कमरेएवढी. दोन वाकडे पाय, मधे बोल्ट, खाली आत वळलेली टोकं. वर साखळीचे दोन तुकडे आणि त्यांना मिळून एक कडी. पाय फाकवून ओंडक्यावर टाकायची आणि कडी धरून वर ओढायची, बस. लाकूड जेवढं जड तेवढी टोकं घट्ट रुततात. दाबावं लागत नाही, म्हणून एका हाताने जमतं. माझ्या वडिलांकडे असली होती, बैलगाडीच्या चाकाची लाल झालेली लोखंडी धाव उचलायला.

ओंडके कुठून आले, तर रस्ता रुंद करायचा म्हणून ठेकेदाराने सफेद्याची, म्हणजे आपल्या निलगिरीची, झाडं पाडली. सरळसोट पांढरी झाडं, तुझ्या पोरांनी त्यांच्या साली ओढल्या होत्या ती. तुकडे करून पार्काच्या कडेला टाकले आणि ज्याला पाहिजे त्याने न्या म्हणून सांगून तो गेला. इथे थंडीत वीज सकाळीच जाते. आपल्या श्रीरंगने हौसेने गीझर बसवलाय, त्याचा लाल दिवा बघायला मिळाला तर दिवस चांगला म्हणायचं. म्हणून मी आपला कँटोन्मेंटच्या क्वार्टरमधला तांब्याचा बंब काढला मागच्या दारी. हेमांगी नाक मुरडत होती. आता रोज पहिली बादली तिची असते, ऑफिसला वेळेवर जायचं असतं ना. परदेशी कंपनी आहे, तिथे उशीर बिल्कुल चालत नाही. फोनवर अशी इंग्रजी बोलते की मी काम सोडून ऐकत बसते. अक्षर कळत नाही पण ऐकायला बरं वाटतं.

तर ओंडका काही मला उचलेना. हेमांगी म्हणाली, "आई, लेबर बोलावू या." मी म्हटलं, नको, मी हत्यार करते. ती हसली. मग मी चौकातल्या भंगारवाल्या कबाड्याकडे गेले आणि ट्रकच्या चाकांवर असते त्या कमानीचे जुने पोलादी पाटे निवडले. रुळाचा एक तुकडाही घेतला ऐरणीला. तो म्हणे, "अम्मा, इसका क्या करोगी?" मी म्हटलं, सांडशी. त्याला काय कळणार! हातगाडीवर घालून आणून दिलं त्याने, आणि जाताना श्रीरंगला हळूच विचारून गेला, की माताजींची तबियत बरी आहे ना.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर खड्डा केला, कोळसा पेटवला. भाता कुठला आणू? मग नळाचा उरलेला पाइप घेतला, एक टोक कोळशात आणि दुसऱ्या टोकाला हेमांगीचं केस वाळवायचं मशीन. काय सुंदर वारा घालतं गं! हेमांगी धावत आली, "आई, माझा ड्रायर!" मी म्हटलं, तुझे केस उद्याही वाळतील, लोखंड आत्ता तापलंय. बिचारी ओल्या डोक्याला टॉवेल बांधून तिथेच उभी राहिली. मग वीज गेली. मग आली. असं चाललं होतं.

तू मागच्या दोन्ही पत्रांत हाताचं विचारलंस आणि मी तुला एकदा मुळ्याच्या भाजीचं लिहिलं आणि एकदा श्रीरंगच्या तनयाच्या दाताचं. आता सांगते.

गणपतीत तो अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आबांचा डावा हात नुसता मांडीवर असायचा. परक्याचा कोणी ठेवून गेल्यासारखा. कँटोन्मेंटच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी तनयाला देऊन टाकला. बोटं थोडी वळतात, पण ते वळवतच नव्हते. व्हरांड्यात खुर्ची भिंतीकडे तोंड करून, दाढी वाढलेली. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. भांडतसुद्धा नव्हते. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी एवढं गोड कधी वागले नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

दिवाळीत तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत की आबांनी तुझ्याकडे पुण्याला यायचं, दिनकररावांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, चांगले उपचार होतील. आणि मी इथे राहायचं, कारण तनया शाळेतून येते तेव्हा घरात कोणीतरी पाहिजे. तुम्ही वाईट काही केलं नाहीत गं. सगळ्यांचा विचार करून ठरवलंत. मी तेव्हा करंजीची परात घेऊन मधे उभी होते. आबा म्हणाले, "चालेल." मी म्हटलं, करंज्या गरम आहेत. बस, एवढंच बोलले मी.

तर त्या दिवशी पहिला पाटा मी एकटीनेच वळवला, वेडावाकडा, आणि टोक कडक व्हावं म्हणून लालभडक असतानाच बादलीत बुडवला. आमच्याकडे खुरपी अशीच बुडवायचे. टण् करून आवाज आला आणि पाट्याला मधोमध तडा! मी तोंडात मारल्यासारखी उभी. तेवढ्यात व्हरांड्यातून असा आवाज आला की हेमांगीच्या डोक्याचा टॉवेल सुटला.

"अगं ए भीमे! ते काय तुझ्या बापाचं खुरपं आहे? ट्रकची कमान आहे ती! तेलात बुडवायची, तेलात!"

खुर्ची फिरली होती उल्का. आबा आमच्याकडे तोंड करून बसले होते आणि कपाळावर आठ्या. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, पण मी तोंड वाकडं केलं. म्हटलं, "एवढं कळतंय तर लांबून काय ओरडता? इथे या."

"येऊन काय करू? हात कुठाय?"

"एक आहे ना? बाकीचे दोन माझे आहेत. या."

आले. पाय ओढत, कुरकुरत, पण आले. येता येता म्हणाले, "बापाचं नाव बुडवलंस," आणि हसले. चार महिन्यांनी.

तुला माहीत नसेल, तू झालीस तेव्हा आम्ही फौजेत आलो होतो. आमच्या लोहारकामात घण बाई मारते. पुरुष ऐरणीशी बसतो, डाव्या हातात सांडस, म्हणजे लांब दांड्यांचा चिमटा, त्यात तापलेलं लोखंड, आणि उजव्या हातात लहान हातोडा. तो हातोड्याने जिथे टकटक करील तिथे बाईने घण घालायचा. तोंडाने कोणी बोलत नाही. हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की थांबायचं. लग्न झाल्यावर ते भरती होईपर्यंत आम्ही असंच काम करायचो. सासरी येऊन मी यांच्याशी शब्दाने बोलायला लागायच्या आधी घणाने बोलत होते. मग फौजेच्या वर्कशॉपात मशिनी आल्या आणि मी क्वार्टरमध्ये पोळ्या करायला लागले.

आता डाव्या हाताशिवाय सांडस कोण धरणार? मी म्हटलं मी धरते, तर हे म्हणे मग घण काय बलवंत कौर मारणार? हे सांडस हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसले. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली सांडस ती. मग कबाड्याकडच्या सामानातली एक कडी घेतली आणि तिच्या दोन्ही दांड्यांवरून सरकवून घट्ट बसवली. कडी बसली की तोंड मिटलेलंच राहतं, आवळून धरावं लागत नाही. मग उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि दांड्यांवर ठेवला, आणि एक एक बोट वळवून बसवलं. मी दुसरीकडे बघत होते. मग उजव्या हातात हातोडा घेतला आणि टक टक.

मी घण घातला. शेजारी घर बांधताहेत त्या मजुराकडून मागून आणला होता. खांदे असे भरून आलेत की हे पत्रसुद्धा उशीवर कागद ठेवून लिहिते आहे. पहिला घाव चुकला. "आंधळी झालीस का?" दुसरा बसला. त्यांचा हातोडा पुढच्या जागी सरकला. तिसऱ्यानंतर मला कळेना की मी मारतेय की ते मारताहेत. मधे डावा हात दोनदा घसरला. त्यांनी शिवी दिली आणि परत ठेवला. तिसऱ्यांदा तो घसरायला लागला तेव्हा बोटांनी आपलं आपण जरासं आवळलं. जरासंच. त्यांनीही बघितलं, मीही बघितलं. मी पुन्हा घण उचलला, लोखंड गार होत होतं.

भोकं पाडली, बोल्ट बसवला, टोकं एका ट्रकवाल्याकडून आणलेल्या इंजिनाच्या जळक्या मोबिल तेलात बुडवली. एवढा काळा धूर की बलवंत कौरने वाळत घातलेल्या चादरी आत नेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेरा तारखेला लोहरी. पार्कात होळीसारखी आग करतात, रेवड्या शेंगदाणे वाटतात. कॉलनीतली तरणी मंडळी दोन दोन जण मिळून ओंडका ढकलत होती आणि तो त्यांच्याच पायावर येत होता. आबा उठले. सांडशी खांद्यावर टाकली, पार्कात गेले, ओंडक्यावर ठेवली आणि उजव्या हाताने कडी ओढली. टोकं रुतली. ओंडका त्यांच्या मागून सरपटत चालला, बकरी नेल्यासारखा. मग टाळ्या. श्रीरंग ऑफिसातून तसाच टाय लावून आला होता, म्हणाला, "आबा, मला द्या ना जरा." तर म्हणाले, "रांगेत उभा राहा." खरंच रांग लागली होती गं! श्रीरंग नंतर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, बराच वेळ आगीकडे बघत. धूर डोळ्यांत गेला म्हणाला. वारा दुसरीकडे होता.

म्हणून ही मंडळी सकाळी सकाळी दारात. रामफलच्या गावात अजून लाकडं फोडून चूल पेटवतात, त्याला चार हव्यात. लोखंड त्याचं स्वतःचं, जुन्या ट्रॉलीच्या कमानी पडल्यात म्हणे. बलवंत कौरला एक हवी, कशाला ते तिला माहीत नाही. आबांनी सांडशी हातात घेऊन त्यांना सगळं समजावून दिलं. रामफलचा भाऊ म्हणाला, फौजी, ये हाथ? तर आबा म्हणाले, "ये छुट्टी पे था. अब हाजिर है."

उल्का, खरं सांगू का? बंबाला फांद्या पुरल्या असत्या. ओंडक्यांवाचून माझं काही अडलं नव्हतं. तुम्ही दोघं भावंडं मिळून आम्हाला एक एक वाटून घेत होतात, ते मला तोंडाने नको म्हणता येईना. म्हणून लोखंड आणलं. यांना दुसऱ्याचं चुकलेलं लोहारकाम बघवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पाटा मात्र मी मुद्दाम फोडला नाही हं, ती चूक खरी.

दिनकररावांनी या महिनाअखेरची झेलम एक्सप्रेसची तिकिटं काढलीत असं तू लिहिलंस. त्यांना माझ्या वतीने सांग, राग मानू नका, पण येतानाची ठेवा आणि जाताना तुम्ही तुमचेच जा. आबांना न्यायला नको, बघायला या. चेंडूसुद्धा तनयाकडून परत मागून घेतलाय त्यांनी, ती रुसली आहे. उपचार इथेही होतात. आणि कधी पुण्याला यायचंच झालं तर दोन माणसांची जागा कर, एकाची नको. हे मी करंज्यांच्या वेळी बोलायला हवं होतं, ते आत्ता बोलते.

आता पुरे करते. रामफल, त्याचा भाऊ आणि बलवंत कौर येत्या रविवारी, बावीस तारखेला, परत येणार आहेत. आबांनी त्यांना सांगितलं, सकाळी लवकर या, घणवाली को दोपहर में नींद आती है.

तुम्हा सगळ्यांना आम्हा दोघांचे, एकाच घरातून, आशीर्वाद.

तुझी आई
भीमाबाई मारुतराव